कोयासानच्या मंदिरातला मुक्काम : जपानच्या पहिल्या प्रवासाला निघालेल्या जोडप्यांसाठी

जपानला पहिल्यांदा निघालेली जोडपी बहुतेकदा तोक्यो, क्योतो आणि ओसाका या तीन शहरांभोवती प्रवास आखतात. आमचीही बारा दिवसांची आखणी तशीच होती. फक्त मधली एक रात्र आम्ही वाकायामा प्रांतातल्या कोयासान या डोंगरावर, एका बौद्ध मंदिरात काढायची ठरवली होती. मंदिरातल्या अशा मुक्कामाला जपानी भाषेत शुकुबो म्हणतात. मुळात ही सोय यात्रेकरूंसाठी होती. आता आरक्षण करून कोणीही तिथे राहू शकतो, आणि कोयासानवरच्या शंभराहून अधिक मंदिरांपैकी पन्नासेक मंदिरांत पाहुण्यांना उतरवून घेतात. हे परीक्षण त्या मुक्कामाचे आहे. आम्ही उतरलो त्या मंदिराचे नाव मी देत नाही, कारण तिथे दोन गोष्टी खटकल्या आणि त्या सांगितल्याशिवाय हे लिहिणे अपुरे राहील. शिवाय या मंदिरांची रीत बरीचशी सारखी असल्यामुळे जे लिहिते आहे ते बाकीच्या ठिकाणीही बहुतांशी लागू पडावे.

माझे मत आधीच सांगते. जिथले रीतिरिवाज ठाऊक नाहीत अशा देशात दोघांनी मिळून पहिल्यांदा जायचे असेल, तर नियम स्पष्टपणे सांगणारे आणि चूक झाली तर न दुखावता सुधारणारे एखादे ठिकाण प्रवासाच्या मध्यावर असावे. शुकुबो हे तसे ठिकाण आहे. शहरातल्या हॉटेलात आपली चूक कोणी दाखवून देत नाही. लोक शांतपणे सोसतात आणि आपण तीच चूक बारा दिवस करत राहतो. मंदिरात मात्र चप्पल कुठे काढायची, कुठून चालायचे, किती वाजता जेवायचे, किती वाजता उठायचे हे सारे ठरलेले असते, आणि ते पाहुण्याने पाळावे अशी सरळ अपेक्षा असते. हा मुक्काम पहिल्या रात्री मात्र ठेवू नये. जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे सकाळी सहाची प्रार्थना म्हणजे नुकत्याच उतरलेल्या माणसाच्या शरीराला रात्रीचे अडीच वाटतात. आम्ही सहाव्या दिवशी गेलो. तोवर झोपेची घडी बसली होती, काड्यांनी जेवायची सवय झाली होती आणि गर्दीचा शीणही आला होता; त्यामुळे डोंगरावरची शांतता खरोखर हवीशी वाटली.

जाण्याचा मार्ग लांब असला तरी सोपा आहे. ओसाकातल्या नाम्बा स्थानकातून नान्काई कंपनीची गाडी गोकुराकुबाशीपर्यंत जाते. दिवसातून मोजक्या वेळा सुटणारी आरक्षित जलद गाडी मिळाली तर सुमारे ऐंशी मिनिटे लागतात. शेवटचा टप्पा बोगद्यांचा आणि वळणांचा असल्यामुळे गाडी अगदी सावकाश चढते. गोकुराकु म्हणजे सुखावती, बौद्धांचा स्वर्गलोक, आणि स्थानकाच्या नावाचा अर्थ सुखावतीचा पूल. तिथून केबल कार पाच मिनिटांत वर नेते, आणि वरच्या स्थानकातून गावात जाण्यासाठी बसच घ्यावी लागते, कारण तो रस्ता पायी चालणाऱ्यांना बंद आहे. ही गाडी जपान रेल्वेची नसल्यामुळे जेआर पास तिथे चालत नाही. हे माहीत नसल्याने नाम्बाच्या फाटकाशी अडलेले एक परदेशी जोडपे आम्ही पाहिले.

सामानाबाबत एकच सांगायचे आहे, पण ते आग्रहाने. मोठ्या बॅगा वर नेऊ नयेत. जपानमध्ये ताक्क्युबिन नावाची घरपोच सामान पोचवणारी सेवा आहे. यामातो कंपनीने ती १९७६ साली सुरू केली आणि काळ्या मांजराचे तिचे चिन्ह आज देशभर दिसते. हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅगा दिल्या, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहिला, की त्या बहुधा दुसऱ्या दिवशी तिथे पोचतात. आम्ही ओसाकाहून बॅगा क्योतोला पाठवल्या आणि पाठीवर एकेक पिशवी घेऊन वर गेलो. केबल कारचा फलाट उताराला पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेला आहे. तिथे आपापल्या बॅगा ओढताना एकमेकांवर चिडलेली माणसे पाहिली तेव्हा या सेवेचे पैसे वसूल झाले असे वाटले.

मंदिराच्या दारात एक उंच लाकडी पायरी असते. पायरीच्या अलीकडे बूट काढायचे, बुटाचा तळ जिथे लागतो त्या फरशीवर मोज्याचा पाय ठेवायचा नाही, थेट पायरीवर चढायचे आणि तिथल्या सपाता घालायच्या. मग खोलीच्या दाराशी त्या सपाताही काढायच्या, कारण तातामीवर, म्हणजे विणलेल्या गवताच्या चटयांवर, सपाता घालून चालत नाहीत. शौचालयासाठी आणखी वेगळ्या सपाता असतात आणि त्या तिथेच सोडून यायच्या. ऐकायला हे किचकट वाटते, पण घरात शिरताना चप्पल बाहेर काढणाऱ्यांना यातले मूळ तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. फक्त बाहेरचे, आतले आणि अगदी आतले असे तीन थर लक्षात ठेवायचे. माझे पती पहिल्याच फेरीत सपाता घालून खोलीत शिरले. आम्हाला खोली दाखवणारा तरुण भिक्षू काही बोलला नाही. त्याने खाली वाकून स्वतःच्या सपाता दाराबाहेर, टोके बाहेरच्या दिशेला करून नीट लावल्या आणि आमच्याकडे पाहून हलकेच मान झुकवली. एवढ्याने काम झाले. त्यानंतरचे सहा दिवस, जिथे जिथे गेलो तिथे, पती आपले बूट तसेच बाहेरच्या दिशेला वळवून ठेवत होते.

खोलीत एक बुटके टेबल, दोन बसायच्या गाद्या, चहाचे सामान आणि बागेकडे उघडणारे सरकते दार एवढेच होते. पलंग नव्हता. जेवण चालू असताना कोणीतरी येऊन फुतोन, म्हणजे जमिनीवरची अंथरुणे, घालून जाते. दोघांची अंथरुणे शेजारी पण वेगवेगळी असतात. भिंती म्हणजे बहुतेक ठिकाणी कागद लावलेली सरकती दारे. आमच्या दाराला कुलूप नव्हते आणि शेजारच्या खोलीतली कुजबुज शब्दाशब्दाने ऐकू येत होती. जोडप्यांनी हे आधीच समजून घ्यावे. इथे एकांताची अपेक्षा धरून येऊ नये, आणि हे मंदिर आहे याचे भान रात्रीही ठेवावे. नवविवाहितांनी पहिल्याच प्रवासातली विशेष रात्र म्हणून हा मुक्काम निवडला तर त्यांचा विरस होण्याची शक्यता आहे. त्यांनी त्यासाठी हाकोनेसारख्या गरम झऱ्यांच्या ठिकाणी खोलीतच गरम पाण्याचे कुंड असलेली पारंपरिक सराई घ्यावी आणि कोयासान दुसऱ्या कारणासाठी ठेवावे.

जेवणाविषयी मात्र मी हात आखडता घेणार नाही. शाकाहारी माणसाला जपानमध्ये सर्वांत जास्त अडचण कशाची होत असेल तर ती दाशीची. दाशी म्हणजे सूप, नूडल, उकडलेल्या भाज्या या सगळ्यांच्या तळाशी असणारे पाणी, आणि ते सर्रास सुकवलेल्या माशापासून केलेले असते. ताटात मासा दिसत नाही, वाढणाराही प्रामाणिकपणे भाजीच आहे असे सांगतो, आणि तरीही ते शाकाहारी नसते. मंदिरातल्या स्वयंपाकाला शोजिन र्‍योरी म्हणतात. त्यात मांस, मासे आणि अंडी वर्ज्य असतात, दाशी कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांची करतात, आणि कांदा-लसणासारखे उग्र वासाचे पदार्थही परंपरेने टाळलेले असतात. पाच दिवस प्रत्येक घासापूर्वी विचारपूस केल्यावर त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा काही न विचारता जेवलो. तरीही आरक्षणाच्या वेळी आपला आहार लेखी कळवावा, कारण काही मंदिरे सर्वसाधारण पाहुण्यांसाठी यात सैलपणा ठेवतात असे आम्हाला तिथल्याच एका भिक्षूने सांगितले. कंदमुळे न खाणाऱ्यांनी तर कळवलेच पाहिजे; कमळाचे कंद, मुळा आणि रताळे या स्वयंपाकात जागोजाग असतात.

जेवण लाल रोगण दिलेल्या, चार बुटक्या पायांच्या पाटांवर आले. प्रत्येकापुढे दोन पाट, त्यांवर आठ-नऊ लहान वाट्या आणि भाताची लाकडी बादली. गोमादोफु म्हणजे तिळाचा लगदा आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळाचे सत्त्व एकत्र शिजवून, घोटून लावलेली वडी. नावात तोफू असले तरी सोयाबीनचा त्याच्याशी संबंध नाही. काडीने ती उचलताना थरथरते, वरचा सोया सॉसचा थेंब घसरतो, आणि जिभेवर तीळ शेवटी, जरा उशिराच कळतो. कोयादोफु हा इथला दुसरा पदार्थ. कडाक्याच्या थंडीत गोठवून मग सुकवलेला तोफू रसात भिजवला की स्पंजासारखा फुगतो आणि दाताखाली सगळा रस सोडतो. मसाला कुठेच नाही. पहिल्या पाच मिनिटांत पतींना सगळे अळणी वाटले. पुढे ते गप्प झाले आणि प्रत्येक वाटी वेगळी चाखू लागले. पोट भरते का, असे कोणी विचारले तर भात पुन्हा मागता येतो हे सांगेन, पण रात्री भूक लागणाऱ्याने सोबत काहीतरी कोरडे ठेवावे, कारण जेवण साडेपाच-सहाला होते आणि गावातली बहुतेक दुकाने त्याच सुमाराला बंद होतात.

या जेवणात घडलेला एक प्रसंग सांगते, कारण तो खास जोडप्यांच्या सवयीचा आहे. पतींना कमळाच्या कंदाची तळलेली चकती फार आवडली म्हणून त्यांनी ती काडीत धरून माझ्यापुढे केली आणि मीही ती घेण्यासाठी माझ्या काड्या पुढे नेल्या. भाताची बादली घेऊन आलेला तो तरुण भिक्षू गुडघ्यावर बसला होता. तो क्षणभर थांबला, मग आमच्या दोघांच्या मधोमध एक रिकामी बशी ठेवून बाहेर गेला. चकती बशीत ठेवली आणि मी तिथून उचलली. कारण आम्हाला सकाळी कळले. जपानमध्ये अंत्यसंस्कारानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलतात आणि काडीकडून काडीकडे देतात. म्हणून जेवताना तसे कोणी करत नाही. भातात काड्या उभ्या रोवणेही त्याच कारणाने वर्ज्य, कारण तसा भात मृतासाठी ठेवतात. एकमेकांच्या ताटातले चाखण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी मधली बशी मागून घ्यावी. हॉटेलात मिळणाऱ्या युकाता या सुती झग्याबाबतही असेच आहे: डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी, उलट घडी फक्त मृताला घालतात. या तीन गोष्टी एकमेकांच्या लक्षात आणून द्यायचे आम्ही ठरवले आणि पुढच्या प्रवासात त्याचा उपयोग झाला.

स्नानघर हा बहुतेक जोडप्यांना अवघड जाणारा भाग आहे. ते सामायिक असते, स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगळे असते, आणि तिथे कोणतेही वस्त्र न घालता जातात. पती-पत्नींना एकत्र जाता येत नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग पूर्ण स्वच्छ करायचे, साबण धुऊन टाकायचा, मगच गरम पाण्याच्या मोठ्या कुंडात उतरायचे. कुंड धुण्यासाठी नसते, बसण्यासाठी असते, आणि हातातला लहान पंचा त्या पाण्यात बुडवायचा नसतो. मला संकोच होता आणि तो मी पतींना आदल्या दिवशीच सांगितला होता. स्त्रियांच्या बाजूला त्या वेळी एकच वृद्ध जपानी बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. जाताना मात्र आपण वापरलेले स्टूल आणि घमेले पाण्याने धुऊन, पालथे घालून, जागच्या जागी ठेवले, आणि मीही नंतर तसेच केले. तिथल्या पंधरा मिनिटांत माझा संकोच पुष्कळसा गेला. ज्यांचा जाणार नाही त्यांनी स्वतंत्र स्नानगृह असलेली खोली घ्यावी, तशा खोल्या काही मंदिरांत आहेत; पण जोडीदाराच्या आग्रहाखातर नाइलाजाने जाऊ नये, आणि जोडीदारानेही तसा आग्रह धरू नये.

रात्री आम्ही ओकुनोइनला गेलो. हे जपानमधले सर्वांत मोठे दफनस्थान. सुमारे दोन किलोमीटरचा दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे उंच सुगी वृक्ष आणि त्यांच्यामध्ये दोन लाखांहून अधिक समाधी-स्मारके. ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी यांच्यासारख्या सत्ताधीशांची स्मारके इथे आहेत, एकमेकांविरुद्ध लढलेले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हेही इथेच आहेत, आणि वाळवीचा नायनाट करणाऱ्या व्यावसायिकांनी वाळवीसाठी उभारलेले एक स्मारकसुद्धा आहे. रस्त्याच्या शेवटी कुकाई या भिक्षूंची समाधी. त्यांनी ८१६ साली सम्राट सागा यांच्याकडून हा डोंगर मिळवला आणि शिंगोन या बौद्ध पंथाचे पीठ इथे उभारले. ८३५ साली ते वारले असे इथे कोणी म्हणत नाही. ते अखंड ध्यानात बसले आहेत अशी श्रद्धा असल्यामुळे आजही रोज दोन वेळा, पहाटे सहाला आणि सकाळी साडेदहाला, भिक्षू त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. समाधीच्या अलीकडच्या पुलानंतर छायाचित्रे काढू नयेत, टोपी काढावी, काही खाऊ-पिऊ नये. रात्री इंग्रजीतून माहिती देत भिक्षू जो फेरफटका घडवतात तो घ्यावा, कारण एकट्याने गेल्यास निम्म्या गोष्टी अंधारात दिसत नाहीत आणि उरलेल्या कळत नाहीत. परतण्याची वेळ मात्र विचारून जावे. मंदिराचे दार साधारण नऊला बंद होते.

सकाळची प्रार्थना सक्तीची नसली तरी चुकवू नये. सहाला मुख्य दालनात जमलो तेव्हा श्वासाची वाफ दिसत होती. सोनेरी दिव्यांच्या मंद प्रकाशात तीन भिक्षू एका सुरात पठण करू लागले, आणि वीसेक मिनिटे एक अक्षर कळले नाही. मग हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र आले आणि त्याच्या शेवटी ‘ग्यातेई ग्यातेई हारा-ग्यातेई’ असे शब्द कानावर पडले. पतींनी माझ्याकडे वळून पाहिले. ते ‘गते गते पारगते’ होते. संस्कृतातून चीनमार्गे जपानला पोचून, तिथल्या उच्चारात बाराशे वर्षे रोज म्हटलेले. शेवटचा ‘सोवाका’ म्हणजे ‘स्वाहा’. त्यानंतर दुसऱ्या दालनात अग्नी पेटवून, त्यात लाकडाच्या चपट्या काड्या वाहून जो विधी झाला त्याला ते गोमा म्हणतात, आणि गोमा म्हणजे होम. शिंगोनचे मुख्य दैवत दाइनिचि न्योराई म्हणजे महावैरोचन, आणि वाटेत ठिकठिकाणी लाल लाळेरी बांधून उभ्या केलेल्या जिझोच्या मूर्ती म्हणजे बोधिसत्त्व क्षितिगर्भ. कुकाई स्वतः ८०४ साली चीनला गेले आणि तिथे प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकले, हे वाचून माहीत होते. पण पूर्णपणे परका वाटलेला देश एका शब्दाने इतका जवळ येतो हे तिथे अनुभवले.

ज्यांना जमेल त्यांनी आजिकान या ध्यानाच्या वर्गालाही बसावे. काही मंदिरांत आणि ठरावीक काळात कोंगोबुजी या मुख्य मंदिरात तो होतो. समोर एक चित्र टांगतात: कमळ, त्यावर पांढरा चंद्रगोल आणि त्या गोलात सिद्धम या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या लिपीतले एक अक्षर. ते अक्षर ‘अ’. शिकवणारे भिक्षू आम्हाला त्याचा उच्चार समजावून सांगत होते आणि आम्ही पाटीवर गिरवलेले पहिले अक्षर समोर पाहत होतो. अर्ध्या तासात मांडी घालून बसलेले युरोपीय पाहुणे दोनदा उठले; आम्हाला निदान बसण्याची अडचण आली नाही.

एक गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ठाऊक असावी असे मला वाटते. १८७२ पर्यंत या डोंगरावरच्या पवित्र क्षेत्रात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्या वर्षी सरकारी हुकुमाने बंदी उठली. तोवर यात्रेला आलेल्या स्त्रिया प्रत्येक वाटेच्या तोंडाशी असलेल्या न्योनिन्दो, म्हणजे स्त्रियांसाठीच्या दालनापर्यंत येत, तिथेच रात्र काढत आणि डोंगराच्या कडेकडेने फिरून दूरवरून कळसांचे दर्शन घेत. अशा सात दालनांपैकी एकच उरले आहे, आणि केबल कारवरून गावात येणारी बस त्याच्या पुढूनच जाते. बहुतेक प्रवासी तिथे उतरत नाहीत. आम्ही परतताना उतरलो. लहानसे, काळपट लाकडाचे, आत उदबत्तीचा वास असलेले ते दालन पाहायला दहा मिनिटे पुरतात. पाच-सहा पिढ्यांपूर्वी आलो असतो तर माझे पती पुढे गेले असते आणि मी इथे थांबले असते, या विचाराने मी तिथे बराच वेळ उभी होते. कुकाई यांच्या आईलाही वर येता आले नाही. त्या पायथ्याशी राहिल्या आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून भेटायला येई, अशी आख्यायिका आहे, आणि पायथ्याच्या कुदोयामा या गावाच्या नावात तो नऊचा आकडा अजून आहे.

आता खटकलेल्या गोष्टी. आम्ही ज्या संकेतस्थळावरून आरक्षण केले तिथे कार्डाने पैसे घेतले जातील असे लिहिले होते. मंदिरात मात्र रोखच हवे होते. दोघांचे मिळून ३६,००० येन द्यायचे होते आणि आमच्याकडे तेवढी रोकड नव्हती. टपाल कार्यालयातले एटीएम परदेशी कार्ड घेते, पण ते संध्याकाळी बंद झाले होते, त्यामुळे सकाळी प्रार्थनेनंतरचा निवांत वेळ आमचा पैशांच्या मागे गेला. मंदिराने समजूतदारपणा दाखवला. चूक संकेतस्थळाची होती आणि त्यांनी आमच्या तक्रारीला उत्तर दिले नाही. म्हणून मुक्कामाची पूर्ण रक्कम रोख घेऊनच वर जावे. इथे दर खोलीला नसून माणशी असतो, हेही दर पाहताना ध्यानात ठेवावे. रात्रीचे आणि सकाळचे जेवण त्यात धरलेले असते. बक्षिसी कोणालाही देऊ नये, ती जपानमध्ये अवघडल्यासारखे करते.

दुसरी तक्रार थंडीची. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, मेपलची पाने लाल झालेली, डोंगर पाहत राहावा असा. पण सुमारे ८०० मीटर उंचीवर रात्री फार गारठा पडतो. खोलीतला रॉकेलचा हीटर झोपताना बंद करायला सांगितला होता आणि शौचालय गार ओसरीच्या पार टोकाला होते. शौचालय खोलीला जोडलेले नाही हे आरक्षणाच्या पानावर सापडेल अशा जागी लिहायला हवे होते. ज्यांना रात्री उठावे लागते, ज्यांचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, त्यांच्यासाठी हा मुक्काम कष्टाचा आहे, आणि जोडप्यातल्या एकालाच उत्साह असेल तर दुसऱ्याने तो निभावून न्यावा असे मी म्हणणार नाही. अशा वेळी ओसाकाहून सकाळी निघून, ओकुनोइन आणि कोंगोबुजी पाहून, संध्याकाळी परतावे. प्रार्थना आणि रात्रीची वाट हुकते, पण डोंगर दिसतो.

आम्ही पुन्हा गेलो तर दोन रात्री राहू, शौचालय जोडलेली खोली घेऊ, आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांच्या सलग सुट्या असतात तो काळ टाळून मेच्या मध्यावर जाऊ. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ओकुनोइनच्या पुलाशी उभे राहायचे आहे. या खेपेला त्या सुमाराला आम्ही टपाल कार्यालयाच्या दारात रांगेत होतो, आणि पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन कुकाईंचे जेवण नेणारे भिक्षू आमच्या पाहण्यातून राहिले.